शुक्रवारचा राहिलेला अर्धा फेरा

रोह्यात शनिवारी सायकल पंक्चर झाली की काही लोक ती ढकलत घरी नेतात आणि रविवारची वाट बघतात. गावात पंक्चर काढणारे दुसरे दोघे आहेत, नाहीत असं नाही. पण अष्टमीच्या पुलाजवळच्या दानीकाकाच्या हाताची एकदा सवय झाली की माणसाला दुसऱ्याचा हात चालत नाही. आणि दानीकाका शनिवारी पान्याला हात लावत नाही, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

डॅनियल अष्टमकर हे त्याचं पूर्ण नाव. वय एकसष्ट, तोंडाचा फटकळ, हाताचा हळवा. घराणं ज्यू; त्याचे पणजोबा तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल मोकळा सोडायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. पुढे घाणा गेला, बैल गेला, नातलगही एकेक करून इस्राएलला गेले. शनिवार तेवढा राहिला. शुक्रवारी ऊन कलतं झालं की बायको लीया आतून हाक मारते, दानीकाका हातातलं काम खाली ठेवतो, रॉकेलने हात चोळून धुतो, आणि घरात दिवा लागतो. तिथून पुढे शब्बाथ: शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत ना दुकान, ना गाडी, ना फोन. मुलगा इस्राएलमधल्या अश्दोदहून दर आठवड्याला बोलावतो, आता काय ठेवलंय तिथे, या इकडे. दानीकाका त्याला एकच सांगतो, तिकडे मला पंक्चरला कोण बोलावणार?

या माणसाने चाळीस वर्षांत हजारो सायकली उघडल्या आणि बांधल्या. पण गेल्या वर्षी त्याने एका सायकलवर नजर फिरवली आणि चुकला. ती चूक त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखी बसली होती.

ती सायकल नूतनची. नूतन ही निडीच्या दाजींची सून. दाजी म्हणजे भात आणि वाल पिकवणारा, कमी बोलणारा शेतकरी. नूतन धाटावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. पहिल्या शिफ्टला निडीहून सायकलने जायची, सायकलनेच यायची, आणि जाता-येता वाटेतल्या मोटारसायकलवाल्यांना मागे टाकायची सवय लागली. कंपनीच्या वार्षिक शर्यतीत तिने पुरुषांनाही मागे टाकलं, तेव्हा पेणच्या सायकल क्लबचे शिवासर तिला म्हणाले, दोनशेच्या राईडला ये. ही राईड म्हणजे साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर. ठरलेल्या गावांत कार्डावर शिक्का घ्यायचा, मागे मदतीची गाडी नाही, वाटेत काही मोडलं तर ज्याचं त्याने बघायचं.

नूतनने पनवेलहून कुणाची तरी जुनी शर्यतीची सायकल आणली आणि दानीकाकाला दाखवली. अॅल्युमिनियमची फ्रेम, करंगळीएवढे टायर. दानीकाकाने ती दोन बोटांवर उचलली, हसला, म्हणाला, "पिसासारखी हाय गो. जा बिनघोर."

नागोठण्यापर्यंत ती पिसासारखीच गेली. पुढे महामार्गाचं काम चाललेलं, आदल्या रात्री अवेळी पाऊस झालेला, सगळीकडे खडी आणि तांबडा चिखल. बारीक टायर तीनदा फुटले. चिखल चाकाच्या कडेला चिकटला, कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या रबरात वाळू भरली, आणि फ्रेम आणि टायर यांच्यामधल्या चिमूटभर फटीत तो असा घट्ट बसला की चाकच फिरेना. कासूच्या अलीकडे नूतनने सायकल टेम्पोत टाकली आणि ती परत आली. निडीत कोणी तोंडावर काही बोललं नाही. पाठीमागे मात्र सूनबाईच्या दोनशेची गोष्ट आठवडाभर पुरली. नूतन दानीकाकाला एका शब्दाने लागून बोलली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

मग तिने ठरवलं, आता नवी सायकल, आणि तीही नुसती फ्रेम आणून त्यावर एकेक वस्तू चढवून बांधलेली. बोनसचे पैसे तिने त्यासाठीच बाजूला ठेवले होते. फ्रेम कुठली घ्यायची ते दानीकाकाने सांगायचं. लीयाने विचारलं, पुन्हा यांनाच विचारत्येस? नूतन म्हणाली, "दुसऱ्याला विचारलं तर काकांना कायमचं चुकलेलं राहायला लागंल." लीयाने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो दुकानात जाऊन उगाच एक चाक फिरवत बसला. चाळीस वर्षांचा हात खरा की खोटा, ते आता एका फ्रेमवर ठरायचं होतं, आणि त्या फ्रेमवर दुसऱ्याच्या घरची लेक बसायची होती.

त्यानंतरचे तीन महिने दानीकाकाने रोहेकरांना वात आणला. टायर किती रुंद हवा हे शोधायला तो स्वतः जुन्या सायकलवर कासूपर्यंत जाऊन आला आणि खड्ड्यांत पाय घालून त्यांची खोली बघत उभा राहिला. लोकांना वाटलं, रस्त्याच्या खात्यातला माणूस आला, म्हणून दोघांनी त्याच्याकडे तक्रारी नोंदवल्या. पुतण्या रितेशने मोबाइलवर शंभर फ्रेमा दाखवल्या. दानीकाका त्या बोटाने मोठ्या करून सांधे बघायचा आणि म्हणायचा, रंग बघायला नको मला, जोड बघायचाय.

डिस्क ब्रेक पाहिजे, हे पहिल्या दिवशीच ठरलं. चाकाच्या मधोमध एक पातळ तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमटा धरतो. चाकाची कड चिखलाने माखली तरी तबकडी वर कोरडी. पण तेलावर चालणारा नको, वायरने ओढला जाणारा हवा, यावर तो अडून बसला. तेल गळलं तर कासूत कोण भरून देणार, वायर तुटली तर कुठल्याही सायकलवाल्याच्या खिळ्यावर लटकत असते, हे त्याचं म्हणणं. रितेशने सांगितलं, काका, जग पुढे गेलंय. काका म्हणाला, जग पुढे गेलंय, रस्ता अजून तिथंच हाय.

मापाचा प्रसंग तर लीया अजून रंगवून सांगते. फ्रेमचं माप ठरवायला माणसाने भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांमध्ये एक सरळ वस्तू आडवी, वर टेकेल अशी धरायची आणि तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. आता परक्या घरच्या सुनेचं हे माप दानीकाका कसं घेणार? तो अंगणात उभा राहून, तोंड रस्त्याकडे करून, आतल्या लीयाला सूचना देत होता, आणि लीया हातात लाटणं आणि शिवणाची टेप घेऊन हसून बेजार झाली होती. तीनदा मोजलं, तीन मापं आली. शेवटी टेपच जुनी होऊन रबरासारखी ताणते असं निघालं.

मुंबईच्या मोठ्या शोरूममध्ये दानीकाका, लीया आणि नूतन गेली, तो दिवस तर विचारूच नका. काचेसारखी फरशी, भिंतीवर फ्रेमा टांगलेल्या, आणि एक पोरसवदा विक्रेता इंग्रजी मराठीत मिसळून बोलणारा. त्याने सगळ्यांत महागाची कार्बनची फ्रेम काढून दिली. दानीकाकाने ती कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेराने वाजवली. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा मडक्यात भरून, पाण्याचा थेंब न घालता, भोवती जाळ करून भाजतात. त्यासाठी मडकं घ्यायचं ते वाजवूनच. टणक वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडकलेलं. दानीकाकाने चाळीस वर्षं लोखंडी फ्रेमाही तशाच पारखल्या. कार्बन बद्द वाजला. त्याने ती फ्रेम परत केली आणि भर दुकानात सांगितलं, तडकलेली हाय, दुसरी काढ. विक्रेत्याने दुसरी काढली, तीही बद्द. तिसरीही बद्द. दानीकाका तापला, सगळाच माल फुटका ठेवलाय म्हणाला. तेव्हा मालक पुढे आला आणि त्याने शांतपणे समजावलं की या जातीचा आवाजच असा, हा धातू नाही. आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली. लीयाने पदर तोंडाला लावला. दानीकाका कानापर्यंत लाल झाला, पण पळाला नाही. "मला कळत नाय असली वस्तू मी दुसऱ्याला घ्या म्हणून सांगनार नाय," तो मालकाला म्हणाला. "मला वाजनारी दाखवा."

वाजणारी एकच होती. कोपऱ्यात, गडद हिरवी, पोलादाची. कार्बनच्या जवळजवळ दुप्पट वजनाची, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. दानीकाकाने ती वाजवली आणि त्याचा चेहरा पालटला. मग तो फरशीवर मांडी घालून बसला, फ्रेम मांडीवर घेतली, आणि पाऊण तास उठला नाही. मागच्या चाकाच्या जागेत दोन बोटं घालून बघितली: जाड टायर बसून वर मडगार्ड बसेल, आणि तरी चिखलाला जायला वाट उरेल. मडगार्डची भोकं, सामानाच्या कॅरिअरची भोकं मोजली. ब्रेकचा चिमटा कुठे बसतो ते बघितलं. मागच्या दोन नळ्यांच्या कोनात, आत दडलेला, म्हणजे कॅरिअरला अडणार नाही आणि सायकल पडली तरी मार लागणार नाही. वायर नळीच्या बाहेरून जायची सोय होती, म्हणजे डोळ्यांना दिसत राहणार. मागच्या चाकाची जागा जरा लांब होती, त्याने ती लांबी वितीने मोजली आणि नूतनला सांगितलं, ही उड्या मारनार नाय, पाटावर बसल्यागत नेईल. सांध्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून सगळ्यांवरून. विक्रेता म्हणाला, पण जड आहे काका. दानीकाकाने उत्तर दिलं, "मागल्या टायमाला हलकी घेतली व्हती. ती टेम्पोतून घरी आली."

ती फ्रेम घेतली. डिसेंबरभर दानीकाकाने एकेक वस्तू चढवली, आणि नूतन शिफ्टवरून सुटली की दुकानात बसून शिकायची. त्याची अटच होती, वाटेत मी नसनार, म्हणून प्रत्येक बोल्ट तुझ्या हाताला ओळखीचा पाहिजे. तो खोलायचा, ती बसवायची. तो मुद्दाम बिघडवायचा, ती शोधायची. पोरीचा हात चांगला होता, पण दानीकाका तिच्या तोंडावर कधी म्हणाला नाही. लीयाला मात्र जेवताना रोज सांगायचा.

राईड जानेवारीतल्या एका शनिवारी ठरली. सकाळी सहाला रोह्याहून सुटायचं, नागोठणं, कासू, पेण, धरमतरची खाडी, अलिबाग, मुरूड, आणि घाटातून उतरून संध्याकाळी परत रोहा. आदल्या दिवशी, शुक्रवारी, ब्रेकचे नवे पॅड कुरिअरने यायचे होते. सकाळी येतो म्हणालेला कुरिअरवाला आला साडेचारला. दानीकाकाने त्याला चार शब्द सुनावले आणि कामाला बसला. पुढचे पॅड बसले. मागचे बसवले. मग चिमटा तबकडीच्या बरोबर मध्ये यावा म्हणून त्याचे दोन बोल्ट सैल केले, ब्रेकचा दांडा दाबून धरला, चिमटा आपल्या जागेवर आला. आता दांडा तसाच धरून बोल्ट आवळायचे. त्याने ते बोटांनी फिरवून टेकवले, आणि आतून लीयाची हाक आली. ऊन गेलं होतं. दानीकाका उठला, हात धुतले, दिवा लागला. सात वाजता नूतन आली आणि सायकल घेऊन गेली. त्याने दारातूनच तिला आशीर्वाद दिला.

शनिवारी सकाळी तो नेहमीप्रमाणे डोक्यावर टोपी घालून प्रार्थनेला उभा राहिला. दहा पुरुष जमून प्रार्थना व्हायची ते दिवस रोह्यात आता सणापुरते उरलेत; एरवी तो घरीच करतो. ओठ शब्द म्हणत होते आणि मन सायकलीवर होतं, हे काही बरं नव्हे, पण होतं खरं. मनातल्या मनात तो कालचं काम पुन्हा करत होता. पॅड बसले. बोल्ट सैल केले. दांडा दाबला. बोटांनी टेकवले. आणि मग? मग दिवा. पान्याचा तो शेवटचा अर्धा फेरा त्याच्या हातांना आठवेना. हात कधी खोटं बोलत नाहीत. केलं असतं तर आठवलं असतं.

खडीच्या रस्त्यावर ते बोल्ट हळूहळू फिरणार, चिमटा सुटणार, चाकाच्या तारांत जाणार, आणि चाक जागच्या जागी अडकणार. आणि हे जर घाटाच्या उतारावर झालं तर?

त्याच वेळी शेजारचा महिपती आत आला. महिपतीची पोह्यांची गिरण आहे, आणि दर शनिवारी सकाळी तो अष्टमकरांचा गॅस पेटवून देतो. वीस वर्षांचा रिवाज. दानीकाका त्याला कधी पेटव म्हणत नाही, कारण दुसऱ्याला काम सांगणं म्हणजे स्वतः केल्यासारखंच. तो नुसतं म्हणतो, आज थंडी फार हाय, आणि महिपती समजतो. आजही दानीकाकाने सवयीने आडून सुरुवात केली. नूतन आता नागोठण्याला असेल, म्हणाला. असेल की, महिपती म्हणाला. मागचा ब्रेक जरा... दानीकाका चाचरला. चांगलाच असनार, तुम्ही बांधलाय म्हटल्यावर, महिपती म्हणाला आणि गॅसकडे वळला. फोन असता तर बरं, दानीकाका म्हणाला. फोन हाय की तुमचा, ते काय कपाटावर, महिपती म्हणाला.

लीया हे ऐकत होती. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "अवो, सरळ सांगा. जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो, तुमचेच बाबा सांगायचे."

मग दानीकाकाने सरळ सांगितलं. महिपतीने फोन लावला, एकदा, चारदा; नूतन उचलेना. चालत्या सायकलवर कोण उचलतंय? तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा दानीकाकाने शनिवारी बोल्ट आवळायची पाच नंबरची चावी खिशात घातली आणि डोक्यावरच्या टोपीसकट महिपतीच्या मोटारसायकलवर मागे बसला. पुलावर उभी असलेली माणसं बघतच राहिली. दानीकाका आणि शनिवारी गाडीवर, म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं समजून एकाने हात जोडले.

महिपतीची गाडी म्हातारी. पन्नासच्या वर गेली की खोकायची. निडी गेली, नागोठणं गेलं. दानीकाका प्रत्येक सायकलवाल्याकडे मान वळवून बघत होता. खडीचा रस्ता सुरू झाला आणि प्रत्येक धक्क्याला त्याला वाटायचं, हा एक धागा सुटला, हा दुसरा. कासूच्या पुढे रस्त्याच्या कडेला चारपाच माणसं वाकून उभी दिसली, मध्ये एक सायकल आडवी. दानीकाकाने महिपतीचा खांदा असा धरला की त्याला पुढे दोन दिवस दुखत होतं. जवळ गेल्यावर सायकल निळी दिसली. कुणाचं तरी पंक्चर होतं. दानीकाकाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

पेणला शिक्क्याची जागा एका चहाच्या दुकानासमोर होती. हिरवी सायकल भिंतीला टेकलेली, आणि नूतन केळं सोलत उभी. दानीकाका गाडी थांबायच्या आधीच उतरला, कुणाशी न बोलता सायकलपाशी गुडघ्यांवर बसला, आणि त्याने मागच्या चिमट्याच्या बोल्टला बोट लावलं. हलला नाही. दुसऱ्याला लावलं. तोही नाही. चावी खिशातच राहिली.

"काका, ते सैल व्हते," नूतन वरून म्हणाली. "मी काल घरी जाऊन आवळले."

दानीकाकाने वर बघितलं.

"शुक्रवारचं तुमचं काम मी नेहमीच घरी जाऊन परत बघते," ती म्हणाली. "तुमचा हात त्या दिवशी दिव्याकडं असतो. त्याचं काय वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसलं वाटून घेतोय? त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्याच्या बरोबरीने दुसरं काहीतरी वर येत होतं. चाळीस वर्षांत त्याचं काम कुणी मागून तपासलं असतं तर त्याने पाना फेकून मारला असता. आज त्याला वाटलं, या पोरीच्या पायाशी असंच बसून राहावं. शिवासर लांबून बघत होते. त्यांनी विचारलं, हे कोण? नूतनने सांगितलं, माझे मेस्त्री. आणि कार्ड खिशात घालून ती धरमतरच्या दिशेने निघून गेली, कारण साडेतेरा तास कुणासाठी थांबत नाहीत.

महिपतीने गाडी वळवली आणि बसा म्हणाला. दानीकाका बसेना. महिपतीला कळेना, म्हणाला, मोडलाच हाय आजचा शब्बाथ, मग येताना काय नवीन मोडनार? "येताना जिवाचं कारण व्हतं," दानीकाका म्हणाला. "आता जायला कायच कारण नाय. तू जा, मी चांदण्या दिसल्या की फोन लावतो." महिपतीने कपाळाला हात लावला. संध्याकाळी नूतन रोह्याच्या पुलावर पोचणार, गाव जमणार, आणि जिने ती सायकल बांधून घेतली तिचा मेस्त्री पेणमध्ये बसणार. दानीकाकालाही ते समजत होतं. त्याने तीन महिने डोळ्यांपुढे तोच पूल बघितला होता. पण हिशेब साफ होता, आणि तो चालत डेबोराआत्याच्या घरी गेला.

डेबोराआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण, पेणमध्ये एकटी राहते, वय ब्याऐंशी, कान तेवढे कमी, जीभ शाबूत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बोल्ट घट्ट असताना तू घट्ट करायला आलास, तुझे आजोबापण असेच व्हते. मग कालचं जेवण वाढलं. दानीकाका तो दिवस कसा जगला ते त्याचं त्याला माहीत. दर तासाला आता अलिबाग, आता मुरूड, असं पुटपुटायचा. चारनंतर तो ओट्यावरून उठलाच नाही. घाट तेव्हा लागणार होता. पहिली चांदणी दिसली तेव्हा आत्याने ते विमान असल्याचं सांगितलं. मग खरी पहिली दिसली, दुसरी दिसली. तिसरीसाठी त्याने मान दुखेपर्यंत वर बघितलं, आणि ती दिसताच त्याने आत्याचा फोन उचलला. महिपती आधीच कोपऱ्यावर येऊन उभा होता. काय झालं विचारलं तर गडी तोंड उघडेना. नूतनने शपथ घातलीय, एवढंच बोलला. दानीकाकाने नागोठण्यापर्यंत त्याला शिव्या दिल्या, आणि पुढे धमक्या.

गाडी रोह्याला न जाता निडीच्या शेतात वळली. भात कापून झालेल्या रानात वालाचा मळा हिरवागार, बांधाशी जाळ, आणि जाळात दोन मडकी पालथी. एकात कोंबडी, आणि दुसरं दानीकाकासाठी वेगळं, कारण त्याच्या रीतीने न कापलेली कोंबडी तो खात नाही; त्यात नुसत्या शेंगा, बटाटे आणि अंडी. दाजी ते दरवर्षी न सांगता वेगळं लावतात. लीया आधीच येऊन बसली होती. नूतन पाय पसरून गवतावर बसली होती, आणि तिच्या मागे बांधाला टेकलेली हिरवी सायकल चिखलाने लालभडक. रोह्याला पोचून ती पुन्हा तीच सायकल मारत घरी आली होती.

"अकरा तास पस्तीस मिनिटं, काका," नूतन म्हणाली. "धुतली नाय. म्हटलं, तुम्हाला जशीच्या तशी बघू दे."

दानीकाका आधी सायकलपाशीच गेला. जाळाच्या उजेडात त्याने टायरच्या वरच्या फटीत दोन बोटं घातली. चिखल होता, पण सैल, वाट सोडून. तबकडी चकचकीत. सांध्यांवरून अंगठा फिरवला, एकेक करून, सगळ्यांवरून. कुठे केसाएवढी रेघ नव्हती. मुरूडनंतर रस्ता इतका वाईट होता, नूतन सांगत होती, की तिच्या पुढच्या दोघांच्या हाताला फोड आले आणि घाटात एकाचा ब्रेक कमी पडला. आणि ही आपली पाटावर बसल्यागत. तो ऐकत होता आणि हसत होता, अगदी सगळे दात दाखवून, आणि ते थांबवावं असं त्याला वाटत नव्हतं. फक्त तो पूल राहिला, तेवढं एक आत कुठेतरी टोचत होतं. तो म्हणाला, चुकला माझा पूल आज.

"पुढली तीनशेची हाय, फेब्रुवारीत," नूतन म्हणाली. "रविवारी."

दानीकाका वळला. या राईडी शनिवारी असतात, म्हणजे लोकांना रविवारी झोपायला मिळतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"मी शिवासरांना पुलावरच सांगितलं. आमचा मेस्त्री शनवारी हात लावत नाय, आनि मेस्त्री बघायला नसंल तर मी निघत नाय. ते म्हणाले, मग रविवारी ठेवू."

दाजींनी मडकं जाळातून काढून रिकामं केलं, वाफ निघाली, आणि त्यांनी पहिली ओंजळ दानीकाकाच्या हातात ओतली. दानीकाकाने एक शेंग सोलली. दाणे बोटांवर घेतले. पण ते तोंडात टाकायला त्याला बराच वेळ लागला.